एका बीजाच्या दोघी

आमच्या घरातला जिना अकरा पायऱ्यांचा आहे. थोरली अकराव्या महिन्यात पहिल्या पायरीवर हात टेकून उभी राहिली आणि आठवड्याभरात रांगत रांगत वरपर्यंत पोहोचू लागली. तिच्यापेक्षा नऊ मिनिटांनी लहान असलेली धाकटी मात्र खाली बसून, मान वर करून, बहिणीचे तळपाय दिसेनासे होईपर्यंत पाहत राही. आम्ही तिला पायरीशी नेऊन बसवत असू, वरून खेळणे दाखवत असू, हाताला धरून पहिली पायरी चढवत असू. ती थोडा वेळ आमचे मन राखी आणि मग सरळ उलट्या दिशेने खोलीत निघून जाई. सहा-सात आठवड्यांनी एका दुपारी तीच धाकटी कुणी न सांगता जिन्यापाशी गेली आणि एकदाही न थांबता वर जाऊन बसली. तोवर तिच्या मागे पडण्याची आम्ही फार मनापासून काळजी केली होती.

जवळजवळ असाच प्रसंग बालविकासाच्या अभ्यासात फार पूर्वी नोंदला गेला आहे. येल विद्यापीठातील आर्नल्ड गेसेल आणि हेलन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये जुळ्या मुलींच्या एका जोडीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या एकीला त्यांनी टी म्हटले आणि दुसरीला सी. टीला वयाच्या ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे रोज थोडा वेळ जिना चढण्याचा सराव दिला. सीला त्या काळात जिन्यापासून दूर ठेवले. ५२ आठवड्यांची झाल्यावर टी तो छोटा जिना २६ सेकंदांत चढत असे. सीला ५३व्या आठवड्यात जिन्यापाशी आणले, तेव्हा कोणतीही शिकवणी नसताना ती सुमारे ४५ सेकंदांत वर गेली, आणि पुढे केवळ दोन आठवड्यांचा सराव मिळताच १० सेकंदांत चढू लागली. शरीर आणि मज्जासंस्था पुरेशी पक्व होण्याआधी दिलेला सराव फारसा पुढे नेत नाही, असा निष्कर्ष गेसेल यांनी काढला. एका जोडीवरून एवढे मोठे विधान करणे मला धाडसाचे वाटते, आणि हालचाल करण्याची संधी व सराव यांनाही मोठे महत्त्व आहे हे पुढच्या संशोधनाने दाखवलेच. नुकत्या चालू लागलेल्या, १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे निरीक्षण केले असता ती मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात, असे २०१२ मधील एका अभ्यासात आढळले. जुळ्यांच्या घरात हे आकडे दुप्पट करून घ्यावेत, म्हणजे खोलीतला एक तास कसा जातो याची कल्पना येईल. तरीही काळजीत पडलेल्या आईवडिलांसाठी टी आणि सी यांच्या गोष्टीत खरा दिलासा आहे. शिवाय निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आतच जन्मतात, म्हणून त्यांची प्रगती जोखताना डॉक्टर साधारण दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून वय मोजतात. हा हिशेब घरातल्या मोठ्यांनीही लक्षात ठेवला तर बरीच अनावश्यक तुलना टळते.

घरी येणारे प्रत्येकजण म्हणते की दोघी अगदी सारख्या आहेत. रोज त्यांच्यासोबत राहणाऱ्याला पडणारा प्रश्न मात्र याच्या उलट असतो. एकाच फलित बीजापासून झालेल्या, एकाच घरात, एकाच दिनक्रमात वाढणाऱ्या या दोघी इतक्या वेगळ्या कशा?

जगात सगळीकडे हजार प्रसूतींमागे साधारण चार प्रसूती एकबीज जुळ्यांच्या असतात, आणि हे प्रमाण फारसे बदलत नाही. दोन वेगळी बीजे फलित होऊन होणाऱ्या द्विबीज जुळ्यांचे प्रमाण मात्र आईचे वय, आनुवंशिकता आणि वंध्यत्वावरील उपचार यांनुसार पुष्कळ बदलते. गर्भाशयात दोन वारा (प्लॅसेंटा) होत्या, म्हणजे मुले एकबीज नाहीत, असे अनेकांना सांगितले जाते. ते बरोबर नाही. फलित बीज पहिल्या तीनएक दिवसांत विभागले गेले तर एकबीज जुळ्यांनाही स्वतंत्र वारा मिळतात, आणि एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एकबीज जोड्या अशाच असतात. शंका राहिलीच तर डीएनए चाचणीने तिचे निश्चित उत्तर मिळते. विभाजन त्यानंतर झाले तर वार एकच असते, पण म्हणून दोघींना तिचा सारखा वाटा मिळतो असे नाही. एकीची नाळ वारेच्या मध्यावर जोडलेली असू शकते आणि दुसरीची अगदी कडेला, आणि त्यामुळे जन्माच्या वेळी वजनात चांगलाच फरक पडू शकतो. वेगळेपणाची सुरुवात अशी जन्माच्या कितीतरी आधी झालेली असते. बोटांचे ठसेही गर्भातच, त्या त्या बोटाच्या वाढीतल्या बारीकसारीक फरकांमुळे, दोघींचे वेगवेगळे उमटतात. आइसलँडमधील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की एकबीज जुळ्यांच्या डीएनएमध्येही गर्भविकासाच्या आरंभीच्या काळात झालेले सरासरी ५.२ बदल वेगळे असतात.

जुळ्या मुलींच्या बाबतीत याहून पुढची एक गोष्ट आहे, आणि या सगळ्या विषयात मला ती सर्वांत विलक्षण वाटते. मुलींच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून आलेले. मुलांकडे एकच एक्स असतो. दोन्ही एक्स पूर्ण जोमाने काम करू लागले तर मुलींच्या पेशींत त्या गुणसूत्रावरील जनुकांचे काम दुप्पट होईल. तसे होऊ नये म्हणून गर्भ अगदी लहान असतानाच त्याच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स जवळजवळ पूर्णपणे बंद होतो. कोणत्या पेशीत आईकडचा बंद पडेल आणि कोणत्या पेशीत वडिलांकडचा, हे निव्वळ योगायोगाने ठरते. मात्र एकदा ठरले की त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी तोच निर्णय पाळतात. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या माद्यांच्या अंगावरील रंगांच्या ठिपक्यांवरून ही कल्पना मांडली. म्हणजे प्रत्येक मुलीचे शरीर दोन प्रकारच्या पेशींच्या तुकड्यांची गोधडी असते, आणि जुळ्या बहिणींकडे कापड तेच असले तरी दोघींची गोधडी वेगवेगळी शिवली गेलेली असू शकते. बहुतेक वेळा हा फरक बाहेरून दिसत नाही. पण लाल-हिरव्या रंगांमधील फरक ओळखण्याशी संबंधित जनुके एक्सवरच असतात, आणि एकबीज जुळ्या बहिणींपैकी एकीची रंगदृष्टी सदोष व दुसरीची व्यवस्थित असल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. जुळ्या मुलग्यांमध्ये या कारणाने असा फरक पडू शकत नाही, कारण त्यांच्याकडे निवडायला दुसरा एक्सच नसतो.

ही गोष्ट डोळ्यांना दिसावी अशी एका मांजरीच्या अंगावर उतरली. २२ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत टेक्सासमध्ये जगातले पहिले क्लोन मांजर जन्माला आले. तिचे नाव सीसी. जिच्या पेशीपासून ती निर्माण झाली ती रेनबो ही मांजरी काळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या ठिपक्यांची होती. सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा एकही ठिपका नव्हता. मांजरांचा नारिंगी रंग ठरवणारे जनुक एक्सवर असते, आणि ज्या पेशीपासून सीसी घडली तिच्यातला तो एक्स आधीच बंद झालेला होता. जनुके तीच, पण दोघी मांजरी शेजारी बसल्या असत्या तर कुणी त्यांना जुळ्या म्हटले नसते.

एवढे सारे घेऊन त्या घरी येतात, आणि मग वेगळेपणाच्या या कारणांमध्ये आपली भर पडू लागते. आमच्या बाबतीत ते बोलण्यातून लक्षात आले. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास दोघींकडे मोजकेच शब्द होते आणि तेही दोघींचे एकसारखे नव्हते. जुळी मुले थोडी उशिरा बोलतात, हे आपण ऐकलेले असते. ब्रिटनमध्ये मायकेल रटर, कॅरन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीची नीट तपासणी करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुळ्यांची तुलना त्यांनी एकेकट्या जन्मलेल्या, पण वयात फार अंतर नसलेल्या भावंडांशी केली. जुळ्यांची भाषा २० महिन्यांच्या वयात सरासरी १.७ महिन्यांनी आणि ३६ महिन्यांच्या वयात ३.१ महिन्यांनी मागे होती. हा फरक गर्भारपणातल्या किंवा प्रसूतीतल्या अडचणींमुळे पडतो, असे दिसले नाही. आईवडील मुलांशी कसे आणि किती बोलतात, याच्याशी त्याचा संबंध दिसला.

हे वाचून जुळ्यांच्या आईवडिलांना अपराधी वाटू नये, म्हणून त्याच्या जोडीला आणखी एक अभ्यास सांगणे मला आवश्यक वाटते. मायकेल टोमासेलो आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक ते दोन वर्षांच्या जुळ्यांच्या घरातले बोलणे टिपले. जुळ्यांच्या आया एकूणात कमी बोलत नव्हत्या. पण ते बोलणे दोघांत वाटले जात होते. त्यामुळे एकेका मुलाला उद्देशून निघालेली वाक्ये कमी होती, आणि आई व मूल दोघेही एकाच वस्तूकडे पाहत आहेत असे क्षण कमी आणि तोकडे होते. आई पूर्ण वेळ देत असते, पण वेळ एकच आणि घेणारे दोन असतात.

एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या क्षणांचे मोल घरात रोज दिसते. चित्रांचे पुस्तक उघडून मी ‘हा बघ पक्षी’ म्हणतो, तेव्हा धाकटीचे बोट पक्ष्यावर असते आणि थोरली पानाचा कोपरा दातांत धरून त्याचा ताण अजमावत असते. ‘पक्षी’ हा शब्द दोघींच्या कानांवर पडतो, पण चित्राशी तो फक्त एकीच्याच मनात जोडला जातो. थोरलीला तो शब्द देण्यासाठी मी आधी तिच्या नजरेमागे जायला हवे, म्हणजे तिच्या तोंडातल्या कागदाविषयी बोलायला हवे. म्हणून आता आम्ही पुस्तके वेगवेगळी वाचतो. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, एक खोली, एक मूल आणि एक मोठे माणूस. पहिले काही दिवस दुसरी दारावर थापा मारत असे. नंतर तिला कळले की तिचीही पाळी येते. अंघोळ आणि कपडे बदलणे ही कामे एरवीही एकेकीचीच होतात, तेव्हा तो वेळही आम्ही बोलण्यासाठी वापरतो, आणि ‘मुलींनो’ अशी सामायिक हाक शक्यतो टाळून एकेकीचे नाव घेतो.

जुळ्यांची आपापसांत खास भाषा असते, ही समजूत अर्धी खरी आहे. अशा भाषांच्या ज्या नोंदी झाल्या आहेत त्यांत अगदी नवे शब्द थोडे असतात. बाकीचे मोठ्यांचेच शब्द असतात, फक्त लहान जिभेला जमतील तसे मोडलेले. एकेकटे मूलही शब्द असेच मोडते, पण त्याला समोरून नीट शब्द ऐकायला मिळतो आणि चूक मागे पडते. जुळ्यांना मात्र समोरून तोच मोडका शब्द परत मिळतो, आणि समजणारे माणूस जवळ असल्यामुळे तो टिकतो. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया आणि त्यांच्या सहकारी युदोविच यांनी पाच वर्षांच्या जुळ्या मुलग्यांची अशी एक जोडी अभ्यासली. त्यांचे बोलणे बाहेरच्यांना जवळजवळ कळत नसे. दोघांना बालवाडीत वेगवेगळ्या गटांत ठेवल्यावर तीन महिन्यांत त्यांच्या भाषेत आणि खेळातही मोठी सुधारणा दिसली. म्हणून जुळ्यांना एकमेकांपासून तोडावे असे मी मुळीच म्हणणार नाही. प्रत्येकीला दिवसात थोडा वेळ बहिणीखेरीज दुसरे कुणी बोलणारे हवे, एवढाच अर्थ मी त्यातून घेतो.

जोडीत राहण्यामुळेही स्वभाव घडतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेल्मुट फॉन ब्राकेन यांनी १९३०च्या दशकात नोंदवले होते की जुळ्यांपैकी एक बहुधा बाहेरच्या जगाशी बोलणी करणारा होतो आणि दुसरा आतला कारभार पाहतो, जणू एक परराष्ट्रमंत्री आणि एक गृहमंत्री. फ्रान्समध्ये रेने झाझो यांनी यालाच जोडीचा परिणाम म्हटले. आमच्याकडे पाहुणे आले की थोरली पुढे जाऊन हात धरते, आणि धाकटी मागे राहून बहिणीच्या हातातून पडलेले खेळणे उचलून ठेवते. थोरली आजारी पडून झोपलेली होती त्या दिवशी पाहुण्यांचा हात धरायला धाकटी गेली. धीटपणा तिच्यातही होता, पण ती जागा रोज भरलेली असे.

आरशातली ओळख आणखी निराळी. मुलाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून आरशापुढे उभे करण्याची चाचणी ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. साधारण २० ते २४ महिन्यांच्या वयात बहुतेक मुलांचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या नाकाकडे जातो. आमच्या दोघी त्या वयात आरशात पाहून बहिणीचे नाव घेत आणि मागे वळून पाहत. त्यांच्या दृष्टीने ते अगदी रास्त होते, कारण तो चेहरा त्यांनी आजवर समोरच्या अंगावरच पाहिला होता. पुढे नाकाला हात लागू लागला, तरी फोटोतला गोंधळ अजून आहे: फोटो दाखवला की दोघीही स्वतःला सोडून दुसरीचेच नाव सांगतात.

गेल्या महिन्यात दोघी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसल्या होत्या. मी खालून म्हटले, ‘चला, आपण बाहेर जाऊ.’ थोरली म्हणाली, ‘आम्ही नाही येणार.’ ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावलेला असतो आणि ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला असतो, हा भेद तिला कुणी शिकवला नव्हता; त्या एका शब्दाने तिने मला बाहेर ठेवले आणि बहिणीला आत घेतले. धाकटीने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, ‘मी येते’ म्हणाली आणि पाय खालच्या पायरीवर सोडला.