घोडेस्वारीची सुरुवात

घोडेस्वारी म्हणजे घोड्याच्या पाठीवर मांड ठोकून त्याला हवं तिकडे नेणं. वाहतुकीच्या इतिहासात घोडा तसा उशिराच आला. गाढव आफ्रिकेत साधारण ७००० वर्षांपूर्वीच माणसाळलं होतं, आणि इ.स.पू. ३५०० च्या आसपास चाक आलं तेव्हा गाडीला बैल जुंपलेले असायचे.

घोडा पाळल्याचा सगळ्यात जुना मोठा पुरावा उत्तर कझाकस्तानातल्या बोताई इथे मिळतो, तोही साधारण इ.स.पू. ३५०० चा. तिथे सापडलेली बहुतेक सगळी हाडं घोड्याचीच आहेत आणि मातीच्या भांड्यांत घोडीच्या दुधाच्या चरबीचे अंश मिळालेत, म्हणजे ही माणसं घोडीचं दूध काढत होती! दातांवरच्या झिजेवरून ते लगामही घालत असावेत असं काही संशोधक म्हणतात, पण ती झीज नैसर्गिकही असू शकते असं बाकीच्यांचं म्हणणं, त्यामुळे तो वाद अजून चालूच आहे. नुसत्या दातांवर विसंबणं तसंही धोक्याचं, कारण युक्रेनमधल्या देरिव्हकाचा घोडा बरीच वर्षं पहिल्या स्वारीचा पुरावा मानला जायचा आणि हाडांचं वय सांगणारी रेडिओकार्बन चाचणी केल्यावर तो थेट लोहयुगातला निघाला.

२०१८ मध्ये डीएनएने मोठाच धक्का दिला. बोताईचे घोडे आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज नाहीतच, त्यांचा वंश मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की नावाच्या रानघोड्यांत उरलाय. आपले घोडे आले व्होल्गा-डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशातून, आणि इ.स.पू. २२०० नंतर काही शतकांतच ते युरोप-आशियाभर पसरले. त्यांच्यात दोन जनुकं ठळक दिसतात, एक मजबूत पाठीशी जोडलेलं आणि दुसरं शांत स्वभावाशी. स्वारीला नेमकं हेच तर लागतं.

त्याच्याही आधी कोणी घोड्यावर बसत होतं का? बहुतेक हो. २०२३ मध्ये रोमानिया, बल्गेरिया, हंगेरीतल्या यामनाया या प्राचीन पशुपालक लोकांच्या सुमारे ४५०० ते ५००० वर्षं जुन्या सांगाड्यांत मांड्या, कंबर आणि मणक्यावर सतत स्वारी केल्यासारख्या खुणा दिसल्या. माझ्या मते हा पुरावा सगळ्यात बोलका आहे, कारण इथे घोड्याऐवजी स्वाराचंच शरीर साक्ष देतंय, पण यावरही सगळ्यांचं एकमत नाही.

लढाईत मात्र आधी आऱ्यांच्या चाकांचे हलके रथ आले, इ.स.पू. २००० च्या सुमारास, उरल डोंगरांजवळच्या सिंताश्ता संस्कृतीत. घोडदळ बरंच नंतरचं. इ.स.पू. नवव्या शतकातल्या असिरियन शिल्पांत स्वार जोडीने दिसतात, एक बाण मारतोय आणि दुसरा स्वतःच्या घोड्याबरोबर त्याच्याही घोड्याचा लगाम धरून आहे. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, तेव्हा नव्हत्याच, दोन्ही पायांच्या रिकिबी चीनमध्ये इ.स. चौथ्या शतकात दिसतात.

आपल्याकडे नागपूरजवळच्या माहूरझरीच्या महापाषाणी (मोठे दगड रचून केलेल्या प्राचीन) दफनांत घोडे पुरलेले सापडलेत, सोबत तांब्याचे शिरोभूषण आणि लोखंडी लगाम.