सातव्या महिन्यात माहेरी जाताय? तपासण्या, कार्ड आणि लागणारे कागद

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून बऱ्याच घरांत आहे. ओटीभरण उरकलं की मुलगी माहेरी जाते आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटात राहतं. शेवटच्या तीन महिन्यांतल्या तपासण्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचाही नाही. तरी बायका हेलपाटे घालतात, कारण आधीच्या तपासण्यांचा कागद कुणाकडेच नसतो.

गर्भवतीची नोंद आरोग्य सेविका करते आणि त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला तिचा ओळख क्रमांक पडतो. तो कार्डावर लिहिलेला असायला हवा, पण कित्येक कार्डांवर ती जागा कोरीच असते. निघण्याआधी तो लिहून घ्या आणि कार्डाचे, रिपोर्टांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माहेरच्या उपकेंद्रात गेल्यावर "नवीन नोंद करा" असं म्हणू नका. आधीचा नंबर सांगा. दोन नोंदी झाल्या की निम्म्या तपासण्या एका गावच्या रजिस्टरात आणि निम्म्या दुसऱ्या गावच्या, मग बाईचं एकसंध चित्र कुणालाच दिसत नाही.

जुन्या कागदाचा एवढा आग्रह कशाला, असं विचारणारे नवरे पुष्कळ भेटतात. बाळाची वाढ नीट आहे की नाही, हे आठवड्यांच्या हिशेबावरच ठरतं. शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी असेल, तर आठव्या महिन्यात पोट लहान वाटल्यावर डॉक्टर ठामपणे काही सांगू शकतात. ती नसेल, तर उशिरा केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख तीन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. बाळ खरंच कमी वाढलंय की दिवसच कमी भरलेत, हे मग कळत नाही. रक्तदाबाचंही तेच. १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका हे खरं, पण चौथ्या महिन्यात १००/६० असलेल्या बाईचा आता १३०/८५ आला, तर त्याकडेही लक्ष द्यावं लागतं. हे जुन्या कार्डाशिवाय कुणाला दिसणार?

किमान चार तपासण्यांपैकी तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन, पोटाची उंची, बाळाचे ठोके. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि ७ च्या खाली म्हणजे गंभीर, तिथे थांबायचं नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. चौथ्या महिन्यापासून पुढच्या कोणत्याही गर्भवतीला त्या दिवशी डॉक्टरांकडून तपासून घेता येतं. ९ ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. "नऊ" ऐकून नवव्या महिन्याची वाट बघत बसणाऱ्या बायका आहेत, तसं करू नका. तपासणीनंतर कार्डावर लाल स्टिकर लागला तर घाबरायचं नाही, पण तो लपवायचाही नाही. जोखमीची गर्भवती आहे, हे पुढच्या दवाखान्याला त्यावरून कळतं.

सोनोग्राफीला फोटो असलेलं ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक वेळी फॉर्म एफ, म्हणजे सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म, भरावा लागतो आणि त्यातली चूकही केंद्रावर गुन्हा म्हणून शेकू शकते. म्हणून खिडकीवरची माणसं एवढी कडक असतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी उगाचच तिरसटही. आधीच्या मुलामुलींची माहिती, सध्याचा पत्ता, मोबाइल नंबर खरा द्या आणि वाचून सही करा.

रक्तस्राव, डोकेदुखीसोबत अंधारी, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर कागद शोधत बसू नका. १०८ लावा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे, कार्ड घरी राहिलं म्हणून हा हक्क जात नाही. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर चिठ्ठी लेखी मागा. बोलणारा पुष्कळदा तिथेच गप्प होतो.

आता पैशांचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० आणि २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. पिवळं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यांपैकी कोणताही एक पुरावा चालतो. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, तसं कुणी अडवलं तर ऐकून घेऊ नका.

खरी मेख दोन ठिकाणी आहे. पहिल्या हप्त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली दिसली पाहिजे. ती खासगी दवाखान्यात झाली आणि कार्डावर चढलीच नाही, तर सातव्या महिन्यात माहेरच्या उपकेंद्रात कितीही विनवण्या केल्या तरी मागची तारीख कुणी घालत नाही, आणि घालूही नये. म्हणून आशाताईंना पाचव्या महिन्यातच गाठा.

दुसरी मेख बँकेची. खात्याला आधार जोडलंय म्हणजे झालं, असं नाही. अनुदान येतं ते ज्या बँकेत आधार शेवटचं सीड झालंय, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) जोडलं गेलंय, तिथे. लग्नाआधीचं खातं बंद आणि सीडिंग अजून त्यालाच, अशी प्रकरणं पडून राहतात. "डीबीटीसाठी आधार सीडिंग माझ्या याच खात्याला आहे का?" असं बँकेत नेमकं विचारा. खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं हवं, सासऱ्यांचं चालत नाही. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं असेल, तर ते आधी एकसारखं करून घ्या, बाळ झाल्यावर त्याला वेळ मिळत नाही. दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी लागतात. त्या माहेरी दिल्या असतील तर त्याच कार्डावर तारखेसह लिहून घ्या आणि जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा.