पाय असलेला वाइस

"रेल्वेचा माल आहे भाऊ," कबाडीवाला म्हणाला. नागपुरात कोणतंही जुनं, जड लोखंड रेल्वेचंच असतं, तेव्हा ते मी ऐकून सोडून दिलं. पण ढिगाखालून डोकावणारा तो लांब पाय ओळखीचा होता. लोहाराचा वाइस, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारं अवजार! पुस्तकी मराठीत शेगडा, वर्कशॉपमध्ये लेग व्हाइस. किलोच्या भावानं घेतला. भरला ४२ किलो. ऑटोवाला नंदनवनपर्यंत कुरकुरत आला.

आपल्या पाहण्यातला, टेबलावर बसवायचा बेंच वाइस बहुधा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड दाब सोसतं, घणाचा घाव सोसत नाही, तडकतं. लोहाराला तर लालबुंद सळई वाइसात धरून ठोकूनच वाकवायची असते. म्हणून या वाइसाचा मागचा जबडा खाली वाढत जातो आणि त्याचा पाय होऊन जमिनीला टेकतो. घाव वर बसतो, धक्का जमिनीत जातो. टेबलानं फक्त वाइस उभा धरायचा.

या मजबुतीची किंमत पुढच्या जबड्यात मोजावी लागते. तो सरळ सरकत नाही, खालच्या पिनेवर दारासारखा फिरतो. त्यामुळे दोन्ही जबडे एखाद्याच रुंदीला समांतर येतात. जाड वस्तू खालच्या काठानंच धरली जाते. बारीक फिटिंगला हा वाइस कामाचा नाही, हे मान्यच करावं. जबडा तिरपा झाला की जबडे आवळणाऱ्या स्क्रूलाही थोडं तिरपं व्हावं लागतं, म्हणून स्क्रू फिरवायच्या दांड्याजवळ एक घुमटदार वॉशर असतो. माझ्या वाइसात त्याजागी कुणीतरी ट्रॅक्टरचा सपाट वॉशर कोंबला होता. अशानं स्क्रू वाकतो.

वय ओळखायला मी स्क्रू ज्या नळीत फिरतो तिच्या आत टॉर्च मारतो. जुने कारागीर नळीत आटे कापत नसत. स्क्रूच्या चौकोनी आट्यांमध्ये लोखंडी पट्टी गुंडाळायची, तोच वेढा नळीत बसवायचा आणि पितळ वितळवून पक्का करायचा. पुढे इंग्लंडातल्या डडलीच्या पीटर राइट यांच्या वाइसांवर 'पेटंट सॉलिड बॉक्स' असा ठसा दिसू लागला. बॉक्स म्हणजे हीच नळी; तिच्यात पट्टी-पितळेचा जोड नाही, आटे अखंड धातूतच.

माझ्या नळीत पट्टीच्या कडेनं पिवळी रेघ चमकली. ती दिसली नसती तर घात झाला असता, कारण स्क्रू जाम होता आणि ओळखीच्या लोहारदादांचा सल्ला तयार होता: "भट्टीत टाकून द्या ना भाऊ, मोकळं होऊन जाते." पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला वितळतं, भट्टीत ते सहज गाठलं जातं. स्क्रू मोकळा झाला असता, पण आटे हातात आले असते. आठवडाभर रॉकेल पाजलं, रोज चार हलक्या टिचक्या मारल्या. नवव्या दिवशी दांडा फिरला.

गंजाखाली पायावर सागवानासारख्या उभ्या रेषा निघाल्या. हे घडीव लोखंड. यात कार्बन ०.१ टक्क्याहून कमी, आणि मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या काचेसारख्या गाळाचे, बारीक धागे ठोकताना लांबत जाऊन आतच राहिलेले. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंडला उत्खननात महापाषाण काळातली, म्हणजे मोठ्या शिळांची थडगी रचणाऱ्या प्राचीन लोकांच्या काळातली, लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. तिथलं लोखंडही पाण्यासारखं न वितळता मळीसकट गोळा होऊन निघे आणि मग ठोकलं जाई. माझा वाइस त्याच कुळीतला, फार नंतरचा. खात्रीसाठी पायाच्या तळाला ग्राइंडर जेमतेम टेकवला: मंद, लांबट, तांबूस ठिणग्या. जबड्याच्या तोंडाला टेकवला तर फुलबाजी फुटली. तिथे पोलादाची पट्टी भट्टीतच जोडलेली आहे. ठिणगी फुटते ती कार्बनमुळे.

ग्राइंडरचं काम तिथेच संपलं. गंज काढायला तो फिरवला असता तर ठसे, रेषा, घणाच्या खुणा, सगळंच गेलं असतं. त्यासाठी प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी घेतलं, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा घातला आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर लावला. ऋण टोक वाइसाला, धन टोक भंगार लोखंडी पत्र्याला. टोकं उलटी लागली तर वाइसच झिजतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. वाइसावरून उठणारे बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून हा उद्योग अंगणात, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. दोन रात्रींत गंजाचा काळा, सैल थर झाला आणि तारेच्या ब्रशनं निघाला.

ओलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं, पण मे महिन्यात नागपूरच्या गच्चीइतकी चांगली भट्टी कुठे मिळणार? वाइस हाताला चटके देईपर्यंत तापू दिला आणि जवसाचं तेल चोळलं. आपल्याकडे जवस चटणीत जातो, पण त्याचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होत जातं आणि पातळ कडक पापुद्रा धरतं. या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप पेटू शकतो. माझ्या चिंध्या दोन दिवस वाळणाच्या तारेवर एकेक पसरून होत्या, आणि शेजारच्या काकू रोज विचारत होत्या, हे कसले कपडे धुतले?