‘+३७५’चा फोन उचलला की सगळे नंबर चोरीला जातात?

‘+३७५ किंवा +३७१ने सुरू होणारा कॉल उचलू नका, तीन सेकंदांत फोनमधले सगळे नंबर कॉपी होतात’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसे होत नाही. साध्या कॉलमधून आवाज जातो. समोरच्याला तुमचे फोनबुक वाचण्याची सोय त्यात नाही. फटका बसतो तो मिस्ड कॉल पाहून उलट फोन लावल्यावर, कारण तिथे आयएसडीचे पैसे कापले जातात.

नंबर कुठला, हे अधिकच्या चिन्हापुढे पाहावे. तिथे देशाचा कोड असतो: ३७५ बेलारूस, ३७१ लाटव्हिया, ९१ आपला. सुरुवातीचा शून्य मात्र देशातल्या देशात चालतो. यात गंमत सांगलीकरांची. ०२३३ म्हणजे सांगली आणि +२३३ म्हणजे घाना! साताऱ्याच्या ०२१६२ मधला शून्य काढून नुसते अधिक लावले, तर +२१६, थेट ट्युनिशिया. म्हणून लँडलाइन सेव्ह करताना +९१ २३३ आणि पुढे सात आकडे. साताऱ्याला +९१ २१६२ आणि सहा. ९१ नंतर मोजून दहा भरले पाहिजेत. नऊच भरले, तर एखादा आकडा सुटला आहे.

स्क्रीनवर खोटा नंबरही दाखवता येतो, तेव्हा +९१ दिसले तरी ओटीपी सांगू नका.