शेतकऱ्यांचे जेवण

ल नँ बंधूंचे १६४२ मधील फ्रेंच तैलचित्र. लुई ला काझ या संग्राहकाच्या देणगीतून १८६९ मध्ये ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आले. आंत्वान, लुई आणि मात्यू हे तिघे भाऊ मूळचे उत्तर फ्रान्समधल्या लां गावचे; पॅरिसला एकत्र चित्रशाळा चालवत आणि सहीत केवळ आडनाव घालत. त्यामुळे हे चित्र नेमके कोणाचे, हे ठामपणे सांगता येत नाही. परंपरेने ते लुईचे मानतात.

जेवण म्हणावे तर पांढऱ्या कापडावर पावाखेरीज फारसे काही नाही. भोवती तीन पुरुष बसले आहेत. मधल्याच्या हातात तांबड्या वाइनचा पेला आहे, दुसऱ्याने पेला ओठांना लावला आहे, तिसरा मात्र हात जुळवून स्तब्ध. मागे बायका-मुले, त्यांत व्हायोलिन घेतलेला एक मुलगा. कोणी हसत नाही, बोलतही नाही.

हा गंभीरपणाच अर्थ लावताना अडवतो. त्याच्या काही वर्षे आधी फ्लँडर्समध्ये (आजच्या बेल्जियमचा भाग) चित्रकार आद्रियान ब्राउअर गुत्त्यात झिंगलेले, भांडणारे, धूर सोडणारे शेतकरी रंगवत होता. अशा चित्रांतला शेतकरी अनेकदा शहरी गिऱ्हाइकाच्या करमणुकीचा विषय असे. येथे दारू आहे, झिंग नाही.

त्यामुळे अनेक अभ्यासकांनी पाव, वाइन आणि पांढरे कापड यांत ख्रिस्ती अर्थ पाहिला. बायबलमधल्या कथेत इमाऊस गावी दोन शिष्यांबरोबर भाकर मोडणारा येशू हा त्यांचा आधार. फ्रान्स १६३५ पासून युद्धात होता, उत्तरेकडची खेडी उद्ध्वस्त होत होती आणि धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल यांच्या प्रेरणेने अन्नदानाचे मोठे काम उभे राहत होते. बसलेल्यांच्या कपड्यांतला फरक पाहावा: एकाच्या अंगावरचे फाटके, पाय अनवाणी, मधला मात्र नीटनेटका. घरधन्याने दारी आलेल्या गरिबाला पंक्तीला बसवले, हा अर्थ या फरकाला सर्वांत चांगला लागू पडतो.

कलेतिहासकार नील मॅकग्रेगर यांनी १९७९ मध्ये वेगळी बाजू मांडली. शहरी धनिक लांच्या आसपासच्या जमिनी विकत घेत होते आणि त्या कसणाऱ्या सधन कुळांचा नवा वर्ग उभा राहत होता. ल नँ बंधूंच्या चित्रांत हे बदलते ग्रामजीवन दिसते, असे त्यांचे म्हणणे. काचेची खिडकी आणि व्हायोलिन ही भुकेकंगाल घराची लक्षणे नव्हेत, हे खरेच आहे. एकोणिसाव्या शतकात या बंधूंना विस्मृतीतून बाहेर काढणारा लांचाच लेखक शाँफ्लरी मात्र त्यांना प्रामुख्याने वास्तवाचे चित्रकार मानी.

धार्मिक अर्थ लावताना एक सावधगिरी हवी. लूव्रमधल्याच त्यांच्या ‘शेतकरी कुटुंब’ या चित्रात पाव आहे, वाइनचा पेला आहे, बासरीसारखे वाद्य वाजवणारा मुलगाही आहे. दारी आलेला पाहुणा मात्र नाही. म्हणजे केवळ पाव आणि वाइन यांवरून अन्नदानाचा अर्थ निघत नाही. तो टिकतो तो त्या अनवाणी पायांवर.