कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कोचिंग क्लासात पॅसिव्ह व्हॉइस शिकवायची रीत ठरलेली आहे. कर्म उचलून पुढे आणा, 'इज-वॉज' लावा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, कर्त्याला 'बाय' चिकटवून शेवटी ढकला. मराठी घरातलं पोर हे घोकत बसलं की आजोबा म्हणतात, "अरे, हा तर आपला कर्मणी प्रयोग!" त्याच्या हिंदीच्या वहीत 'कर्मवाच्य' लिहिलेलं असतं. नावं तीन, वस्तू एकच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. तसं नाही.

'रामाने चिंच खाल्ली' या वाक्यात क्रियापद चिंचेच्या लिंगवचनाने चालतं, म्हणून ते कर्मणी. पण रामाचं कर्त्याचं आसन हललेलं नाही. 'रामाने घरी येऊन चिंच खाल्ली' म्हटलं तर घरी आला तो रामच. 'चिंच खाल्ली गेली' म्हटलं की मात्र राम वाक्यातून बाहेर. इंग्रजी पॅसिव्ह या दुसऱ्या वाक्याच्या जातीचं आहे. हा भेद हिंदी व्याकरणात स्वच्छ मांडला तो मूळच्या सागरच्या कामताप्रसाद गुरूंनी. १९२०च्या त्यांच्या व्याकरणात 'वाच्य' (विधान कर्त्याविषयी की कर्माविषयी) वेगळं आणि 'प्रयोग' (क्रियापद कोणाच्या लिंगवचनाने चालतं) वेगळा. 'लड़के ने पुस्तक पढ़ी' हे त्यांच्या हिशेबी कर्तृवाच्यच, फक्त प्रयोग कर्मणि. आपण मराठीत दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या आणि घोटाळा करून बसलो.

घोटाळ्याला इतिहासही आहे. आपल्या 'रामाने चिंच खाल्ली'सारख्या वाक्यांचा संस्कृतातला पूर्वज 'रामेण आम्रः खादितः' हा खराखुरा पॅसिव्हच होता. पुढे तृतीयेतला राम हळूहळू पुन्हा कर्त्याच्या जागी येऊन बसला. क्रियापदाची कर्माशी जुळणी मात्र जुन्या सवयीसारखी मागे राहिली.

इंग्रजीची वाट निराळी. तिथे अठराव्या शतकापर्यंत 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणजे घर बांधणं चाललंय, असं सर्रास म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना त्या शतकाच्या उत्तरार्धात वर आली आणि एकोणिसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीवाल्यांनी ती गावंढळ ठरवून बरीच झोडपली. आज कोचिंगच्या तक्त्यात ती निमूट बसलेली दिसते.

'हे वाक्य त्या वाक्यापासून बनवा' या शाळकरी कल्पनेला शास्त्राचं रूप दिलं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी, १९५७ मध्ये. दोन नामं जागा बदलतात, 'बी' आणि 'बाय' मध्ये येतात. असा एकच नियम मांडला की प्रत्येक क्रियापदाला कर्ता कोण चालतो आणि कर्म कोण, ही माहिती दोनदा लिहायला नको. पण आपल्याच नियमातली अडचण त्यांनी तिथेच दाखवली होती. 'खोलीतल्या प्रत्येकाला दोन भाषा येतात' याचं इंग्रजी पॅसिव्ह केलं की सगळ्यांना त्याच दोन भाषा येतात, असा अर्थ पुढे येऊ लागतो. मग बदल फक्त रूपाचा कसा? शिवाय 'कॉस्ट', 'रिझेम्बल' अशा क्रियापदांना नियम लागूच होत नाही. उलट 'द बेड वॉज स्लेप्ट इन' चालतं, जिथे 'बेड' मुळात क्रियापदाचं कर्मच नाही.

इथे पाणिनी आठवतो, आणि तो अभिमानासाठी नव्हे. त्याच्याकडे एका वाक्यातून दुसरं काढण्याची भानगडच नाही. क्रियापदाचा प्रत्यय कर्ता सांगेल किंवा कर्म सांगेल. प्रत्ययाने कर्ता सांगितला नाही, तर कर्त्याला तृतीया. दोन्ही वाक्यं समान दर्जाची. १९७८ नंतर भाषाशास्त्रज्ञ जोन ब्रेझनन यांनी पॅसिव्ह हा वाक्यातला बदल नसून शब्दकोशातला, म्हणजे क्रियापदाच्या नोंदीतलाच बदल आहे असं म्हटलं, तेव्हा त्या याच्या बऱ्याच जवळ आल्या, असं मला वाटतं. चॉम्स्की यांनीही १९८१ पर्यंत जागाबदलाचा खास नियम सोडून दिला होता. त्यांच्या नव्या मांडणीत सगळं खापर तिसऱ्या रूपाच्या प्रत्ययावर. तो कर्त्याची भूमिका गिळतो आणि कर्माला विभक्ती देण्याची क्रियापदाची ताकदही. विभक्तीवाचून पोरकं झालेलं कर्म ती मिळवायला कर्त्याच्या रिकाम्या जागी सरकतं.

मधल्या काळात, १९७७ मध्ये, भाषाशास्त्रज्ञांत खरी मौजेची लढाई झाली होती. डेव्हिड पर्लमटर आणि पॉल पोस्टल म्हणाले, जगातल्या सगळ्या भाषांत पॅसिव्हचा गाभा एकच: कर्म वर चढून कर्त्याच्या जागी येतं, कर्ता खाली जातो तो त्याचा परिणाम. बर्नार्ड कॉम्री यांनी ते उलटं केलं. कर्ता आपणहून खाली उतरू शकतो, वर चढणारं कोणी असो वा नसो. पुरावा होता अकर्मक क्रियापदांचा. जर्मनमध्ये 'नाचलं गेलं' अशा धर्तीचं वाक्य सहज होतं. आणि इंदुरात तर हा पुरावा रोज जिना चढताना ऐकू येतो: 'मुझसे चला नहीं जाता.' कर्म नाहीच, मग वर चढणार कोण? तरीही 'मैं'चा 'मुझसे' झालाच.

मराठीत हेच 'माझ्याच्याने चालवत नाही'. 'माझ्याच्याने आंबा खाववत नाही' याला आपलं व्याकरण शक्य कर्मणी म्हणतं, 'रामाकडून आंबा खाल्ला जातो' याला नवीन कर्मणी, आणि जुन्या 'बोलिजे', 'करिजे'ला पुराण कर्मणी. नवीन कर्मणीवर इंग्रजीची सावली आहे हे उघड आहे. 'पोलिसांकडून तपास केला जात आहे' हे बातमीतच शोभतं, स्वयंपाकघरात कोणी 'माझ्याकडून भाजी चिरली जात आहे' म्हणत नाही. कॅरल रोझेन आणि काशी वाली यांनी १९८९ मध्ये मराठीतल्या अशा जुळ्या पॅसिव्हांवर लेख लिहिला. म्हणजे आजोबांच्या त्या एका 'कर्मणी'त निदान चार वेगळ्या रचना कोंबलेल्या आहेत, आणि 'रामाने चिंच खाल्ली' ही त्यांतली पॅसिव्ह नसलेली.