आमच्या बाटलीत काय घालतो, आणि का

एप्रिल उजाडला की फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "प्रिझर्व्हेटिव्ह घालत नाही ना?" विचारणाऱ्याची काळजी खरी असते. घरात लहान मूल असते, कुणाला दमा असतो. पण याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर दिले तर ते खोटे ठरेल. आमच्या काही मालात ते नाही, काहींत आहे, आणि दोन्हींमागे कारण आहे. ते सांगायला हे पत्रक काढले आहे.

आगळ आणि अमृत कोकम

दोन्ही रातांब्याचीच, म्हणजे कोकमाच्या फळाची, तरी टिकण्याचा हिशोब निरनिराळा. आगळ म्हणजे मीठ घालून काढलेला रस. फळ मुळात जबर आंबट, त्यात भरपूर मीठ, त्यामुळे जंतूंना तिथे थारा मिळत नाही. म्हणून आगळात आम्ही दुसरे काहीही घालत नाही. सोलकढीला आगळ घेताना मीठ बेताने घाला, हे मात्र दरवर्षी सांगावे लागते.

अमृत कोकमात मिठाची जागा साखर घेते. रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, ही घरोघरची रीत. पाक दाट असला की त्यातले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते, यीस्टला, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीला, वापरायला उरत नाही. पण बाटली उघडली, पावसाळी दमट हवा आत गेली, कुणी ओला चमचा घातला, की वरचा थर पातळ होतो आणि तिथून आंबायला सुरुवात होते. घरची बरणी महिन्याभरात संपते. आमची बाटली कुडाळहून निघून मुंबईच्या दुकानात दोन महिने उभी राहते आणि मग तुमच्याकडे तीन महिने पुरते. म्हणून अमृत कोकमात सोडियम बेन्झोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह असते. लेबलवर त्याचा क्रमांक २११ आहे.

ते आंबट पदार्थातच नीट काम करते. मात्र कोरडी पूड थेट आंबट पाकात टाकली, तर तिचे पांढरे कण होऊन तळाशी बसतात. एका बाटलीत जास्त जाते, दुसरीत काहीच नाही. म्हणून आम्ही ते आधी वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवतो आणि पाक ढवळत बारीक धारेने सोडतो. वजन एकाने करायचे, दुसऱ्याने काटा पाहून वहीत सही करायची. या कामाला आमच्याकडे घाई चालत नाही.

आता प्रमाण. बेन्झोएटचे प्रमाण बेन्झोइक ॲसिडच्या हिशोबात मोजतात. फळांच्या सिरपसाठी आपल्याकडे किलोला ६०० मिलिग्रॅम बेन्झोइक ॲसिड ही मर्यादा चालत आली आहे. आम्ही तिच्या आतच राहतो. एका ग्लासाला साधारण ५० ग्रॅम सिरप लागते, म्हणजे पूर्ण मर्यादा धरली तरी पोटात जातात ३० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असे ठरवले होते, आणि २०२१ साली ती मर्यादा २० केली. जुना, कडक आकडा धरला तरी २० किलोच्या मुलाला दिवसाला १०० मिलिग्रॅम होतात. खरे सांगायचे तर त्याच ग्लासात साखर ३० ग्रॅमच्या वर असते. मुलाला दुसरा ग्लास देण्याआधी विचार त्या साखरेचा करा.

आंब्याचे स्क्वॅश

इथे मात्र आम्ही केएमएस वापरतो, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, क्रमांक २२४. त्यातून सुटणारा गंधकाचा वायू यीस्टला आवरतो आणि आंब्याचा रंगही काळवंडू देत नाही. मग कोकमाला तेच का नाही? कामावर नवीन मुलगी आली की आम्ही तिला हे दाखवतोच: पेल्यात कोकमाचे सरबत घ्यायचे, त्यात केएमएसची चिमूट टाकायची. तो गर्द लाल रंग डोळ्यांदेखत फिका पडतो. जांभूळ, डाळिंब यांचेही तसेच होते.

दम्याच्या रुग्णांनी इकडे लक्ष द्यावे. काहींना सल्फाइटने धाप लागते. किलोला १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट असेल तर लेबलवर तसे लिहिणे बंधनकारक आहे आणि आमच्या स्क्वॅशवर ते ठळक छापलेले आहे. शंका असेल तर स्क्वॅश घेऊ नका, डब्यातला आमरस घ्या. तो डबा सीलबंद करून उकळत्या पाण्यात तापवलेला असतो, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. उघडल्यावर मात्र रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

लोणचे

मीठ, मोहरी, हळद आणि फोडींवर बोटभर तेल. तेलामुळे हवा लागत नाही, म्हणून बुरशी येत नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण हवेशिवाय वाढणारा एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, आणि त्याचे विष जीवघेणे असते. त्याला रोखते ती आंबटाई: पीएच (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६च्या खाली असला की तो वाढत नाही. कैरीचे लोणचे मुळातच आंबट. लसूण तसा नाही. म्हणून "लसणाचे लोणचे आंबट नको, नुसत्या तेलातले द्या" अशी मागणी आली की आम्ही नम्रपणे नकार देतो. आमच्या लसणात लिंबाचा रस पडतोच आणि प्रत्येक घाण्याचा पीएच तपासूनच बाटल्या भरल्या जातात.

बाटली आणि झाकण

सुरुवातीच्या एका मोसमात घाईत पाक गरम असतानाच पेट बाटल्यांत भरला. सकाळी पाहिले तर बाटल्या कमरेतून आवळलेल्या, काही तर उभ्याही राहीनात. पेट प्लास्टिक ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. तो सगळा माल आम्ही विकला नाही. तेव्हापासून गरम भरायचे ते काचेत, आणि पेटमध्ये पूर्ण निवल्यावरच. आगळाला पत्र्याचे झाकणही लावत नाही. मीठ आणि आंबट मिळून पत्रा खातात.

तुम्हीही पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आगळ भरून घ्यायला आणू नका. त्या पुन्हा वापरण्यासाठी बनवलेल्या नसतात, अरुंद तोंडामुळे आतून धड धुताही येत नाहीत. आमसुले वर्तमानपत्रात बांधून मागू नका. शाई ओलसर, आंबट मालाला लगेच लागते, आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थ छापील कागदात बांधायला मनाईच केली आहे.

बाटली फुगली, झाकण उघडताना जोराने हवा सुटली किंवा पाकावर फेस दिसला, तर चव घेऊन पाहू नका. बाटली तशीच बंद ठेवा, काचेची असल्यास फडक्यात गुंडाळून बादलीत ठेवा, आणि झाकणाजवळचा बॅच क्रमांक आम्हाला कळवा. बाटली बदलून देतोच, शिवाय त्या घाण्यातल्या उरलेल्या बाटल्या दुकानांतून परत मागवतो.